साडूंचं पंक्चर

सायकल घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या वॉचमननं आमच्या साडूंना बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "साहेब, गाडी विकली का?" विचारण्यात कुचेष्टा नव्हती, कळकळ होती. पुढचे आठ दिवस तो त्यांच्याशी सुतक असलेल्या घरातल्या माणसाशी बोलावं तसा मऊ बोलत होता. शेवटी साडूंना राहवलं नाही. त्यांनी सायकलीची किंमत सांगून टाकली. तेवढ्यात वॉचमनची एक जुनी मोटारसायकल आली असती आणि वर पोरीची फी भागली असती. त्यानं एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा साडूंकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून मऊ बोलणं बंद केलं.

पुण्यात पंचेचाळिशीला काहींना शुगर निघते, काहींना सायकल. आमच्या साडूंना एकाच आठवड्यात दोन्ही निघाल्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. साडू कोणाचंच पूर्ण ऐकत नाहीत, ते चालवायला लागले. असा एक माणूस आता प्रत्येक सोसायटीत असतो. लिफ्टमध्ये सायकल उभी धरून तो स्वतः कोपऱ्यात आडवा होतो आणि घट्ट चड्डीतच सत्यनारायणाच्या प्रसादाला येतो. माझ्या नशिबात तो बायकोच्या सख्ख्या बहिणीचा नवरा म्हणून आला, त्यामुळे अभ्यासाला नमुना जवळून मिळाला.

खरं तर सायकल आमच्या सासरी नवी नाही. सासरे सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं सायकलनं गेले. काळी, चोवीस इंची फ्रेमची, २८ इंची चाकांची, पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्या चाकाला ४०. त्या काळी सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागायचा, अंधार पडला की दिवा लागायचा आणि डबलसीट दिसलं की पोलीस चाकातली हवा सोडायचा. कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली. पण त्यातला एकही जण स्वतःला सायकलस्वार म्हणवत नव्हता. तो शब्द फक्त पंचनाम्यात यायचा. सासऱ्यांची सगळी हत्यारं म्हणजे एक पाना, जुना दात घासायचा ब्रश आणि बाटलीत बोटभर रॉकेल. पंक्चर झालं तर काय करायचात, असं साडूंनी एकदा मोठ्या उत्सुकतेनं विचारलं. सासरे म्हणाले, "चालत यायचो."

साडूंचं ऑफिस शिवाजीनगरला. कोथरूडहून कर्वे रस्त्यानं जातात. डोक्यावरून २०२२ पासून मेट्रो जाते, तिच्याशी त्यांची एकतर्फी शर्यत असते. मेट्रो स्टेशनात थांबली की साडू पुढे, सुटली की मेट्रो पुढे. मेट्रोला यातलं काही माहीत नाही. सायकलींसाठी म्हणून राखलेल्या पट्ट्यावरून जाण्याचा त्यांनी महिनाभर प्रामाणिक प्रयत्न केला. त्या पट्ट्यावर आधी रसवंती लागते, मग विजेची डीपी, मग एक मोठं झाड, आणि झाडाला वळसा घालायला रस्त्यावर उतरलं की मागचा रिक्षावाला म्हणतो, "काका, तुमचा रस्ता तिकडंय."

सायकलवाल्याला शहर वेगळंच दिसतं, असं साडू सांगतात, आणि ते खोटं नाही. म्हणजे शहरालाही तो वेगळाच दिसतो. सिग्नलला दहा मोटारी उभ्या असल्या तरी पत्ता विचारायचा तो सायकलवाल्यालाच. सायकलवर आहे म्हणजे इथलाच असणार, आणि सांगायला वेळही असणार. स्कूटरवरून जाणाऱ्या शाळकरी पोरी ओरडतात, "काका, चाक फिरतंय!" आणि साडू दर वेळी खाली वाकून बघतात. पावसाळ्यात तर पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ उभा गंध उठतो, कारण वजन वाढतं म्हणून त्यांनी मडगार्ड काढून टाकलेत. स्टँड काढला, कॅरिअर काढलं, घंटीसुद्धा काढली. सगळं मिळून किलो-दीड किलो वाचलं. त्या जागी आता तीन किलोंची हत्यारांची पिशवी असते. पोटाचा हिशेब मी विचारला नाही. नात्यात काही गोष्टी विचारायच्या नसतात.

ऑफिसातल्या पार्किंगचा प्रसंग तर त्यांनी मला स्वतः अभिनयासकट करून दाखवला. गार्ड म्हणाला, "इथं फक्त टू-व्हीलर." साडूंनी खाली बोट दाखवून चाकं मोजली. गार्ड म्हणाला, "तसं नाही साहेब. नंबर प्लेट कुठंय? स्टिकर कुठं चिकटवू?" मोठ्या वाटाघाटीनंतर सायकलीला जनरेटरच्या मागे जागा मिळाली आणि रजिस्टरात 'वाहन क्रमांक'च्या रकान्यात 'निळी' अशी नोंद झाली.

इथवर सगळं ठीक होतं. सायकल चालवणारा माणूस फार तर दमतो, दुसऱ्याला त्रास देत नाही. त्रास सुरू झाला तो साडूंनी दुरुस्ती शिकायला घेतली तेव्हा.

मोबाइलवर परदेशातला एखादा स्वच्छ तरुण त्याहून स्वच्छ गॅरेजमध्ये उभा राहून चार मिनिटांत चेन साफ करतो. ते पाहून साडूंनी आमच्या मेव्हणीच्या बाल्कनीत तोच प्रयोग केला. चार मिनिटांऐवजी रविवार गेला, आणि शिवाय दोन टॉवेल. चेनीवर त्यांनी डब्ल्यूडी-४० चा मारा केला. हे काही चेनीचं तेल नव्हे. नावच मुळी पाणी हटवण्यासाठी केलेल्या चाळिसाव्या प्रयत्नावरून पडलेलं. ते गंज सोडवतं, मळ सोडवतं आणि चेनीत असलेलं तेलही सोडवतं. साडूंच्या हातून ते चाकाच्या रिमवरही उडालं आणि त्यानं ब्रेकही सोडवला. सोसायटीच्या उतारावरून सुटलेले साडू थेट भाजीवालीच्या पाटीत जाऊन थांबले. त्या दिवशी त्यांच्याकडे, आमच्याकडे आणि सासरी, तिन्ही घरी मेथीची भाजी होती.

त्यानंतर पायडलाची पाळी आली. डावं पायडल निघेना. पंधरा नंबरचा पाना लावून साडू जोर करत होते. मग मला फोन आला, "साडूभाऊ, जरा येता का? वजन पाहिजे." माझ्या व्यक्तिमत्त्वातल्या नेमक्या याच गुणासाठी मला आजवर कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून गेलो. पान्यावर ८४ किलो ठेवले. पायडल आणखी घट्ट बसलं. शेवटी सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांकडे नेली. वडाखाली एक हवेची टाकी, एक घमेलं आणि टायरांची उतरंड, एवढं त्यांचं दुकान. मामांनी पान्याला लांब नळी अडकवली, उलट्या बाजूला एक हिसका दिला आणि पायडल हातात काढून ठेवलं. "साहेब, डावं उलटं असतंय." डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते आपोआप सैल होऊन पडेल, एवढीच गोष्ट. साडूंनी ती त्या दिवशी मान खाली घालून ऐकली. पंधरा दिवसांनी त्याच मामांना उभं करून तीच गोष्ट ते पुन्हा समजावून सांगताना मी पाहिले, फक्त आता तिच्यात भौतिकशास्त्र होतं. मामा ऐकता ऐकता एका रिक्षाचं पंक्चर काढून मोकळे झाले.

मामा आणि साडू यांच्यात तेव्हापासून गुरुशिष्याचं नातं आहे, पण त्यात गुरू कोण हे अजून ठरायचंय. साडूंच्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह पाहून मामांनी विचारलं होतं, "हे इंजेक्शन द्यायचंय का?" त्यांच्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही, म्हणून साडू घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात पितळेचं एक टोपण बाळगतात. चेन झिजली की नाही ते पाहायला साडूंनी परदेशी मापक मागवला. मामांचं शास्त्र पट्टीवर चालतं: चेनीचे बारा इंच मोजायचे, अर्धं सूत जास्त भरलं की चेन बदलायची. मापकाचं उत्तरही तेच आलं. त्या सत्यशोधनात भाचीच्या कंपासपेटीतली पट्टी कायमची काळी झाली.

मागच्या चाकाचं ओव्हरहॉलिंग त्यांनी सासऱ्यांच्या सायकलीवर शिकून घेतलं. ती बिचारी माळ्यावर निवृत्त होऊन पडली होती. मागच्या हबात एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ असे अठरा छर्रे असतात. साडूंनी अठरा काढले, रॉकेलनं धुतले, ग्रीस भरलं आणि सतरा बसवले. अठरावा घरंगळत कुठं गेला ते कळेना. फ्रिज सरकवला, दिवाण सरकवला. आठवड्यानं तो देवघरात सापडला. केर काढताना मिळालेला चांदीचा मणी समजून सासूबाईंनी त्याला रोज हळदकुंकू वाहिलं होतं. सासरे हा सगळा सोहळा आरामखुर्चीतून बघत होते. नंतर मला एकट्याला म्हणाले, "मी सायकलनं कामाला जायचो. हे सायकलीच्या कामाला जातात."

मग साडूंना पंक्चरची आस लागली. हो, आसच. पिशवीत सगळी सामग्री तयार होती: टायर उचलायच्या पट्ट्या, सोल्यूशनची नळी, ठिगळं, काचकागद, छोटा पंप. पण पंक्चर होईना. तीन महिने गेले. खिळे विखुरलेल्या, काचा फुटलेल्या, खडी टाकलेल्या रस्त्यांवरून ते कोरडे परत येत राहिले. मेव्हणी आमच्या हिला म्हणाली, "संध्याकाळी आले की तोंड उतरलेलं असतं गं. विचारलं तर म्हणतात, काही नाही, आजही नाही झालं."

झालं ते जुलैत, रात्री साडेआठला, भर पावसात. मला फोन आला. आवाजात मुलगा झाल्याचा आनंद. मदतीला नव्हे, बॅटरी धरायला आणि फोटो काढायला बोलावलं होतं. बंद दुकानाच्या पत्र्याखाली साडूंनी सायकल उलटी केली, चाक सोडवलं, टायरची एक कड उचलली, ट्यूब बाहेर ओढली. घमेलं नव्हतं, पण रस्त्यावर खड्डा होता आणि त्यात पाणी होतं. खड्ड्याचा असा सदुपयोग मी आजवर पाहिला नव्हता. ट्यूब बुडवली, बुडबुडा दिसला, साडूंनी बोटानं भोक असं दाबलं की जणू रक्तस्राव थांबवतायत. काचकागद घासला, सोल्यूशन लावलं. ते जरा वाळून चिकट होईपर्यंत थांबायचं असतं. पावसात ते वाळेना. तेवढ्या वेळात त्यांनी मला सांगितलं की, हवेचा टायर १८८८ मध्ये डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं आपल्या पोराच्या तीनचाकीसाठी बेलफास्टमध्ये केला. मला तेव्हा त्या डॉक्टरबद्दल फारसं प्रेम वाटत नव्हतं. ठिगळ बसलं, हवा भरली, फोटो निघाला. एक तास दहा मिनिटं. साडू विजयी मुद्रेनं सायकलवर बसले आणि निघाले. मी स्कूटरवर मागे. चारशे मीटरवर ते पुन्हा खाली उतरलेले दिसले.

ट्यूबला ठिगळ लावलं, पण टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं राहिलं होतं. अर्ध्या इंचाची बारीक तार आत तशीच होती, तिनं शेजारी नवं भोक पाडलं. ट्रकचे जुने टायर झिजले, फुटले की असल्या तारा रस्त्यावर पडतात, आणि त्या डोळ्यांना नाही, बोटालाच दिसतात. मामांना हे सांगावं लागत नाही. पान्याआधी त्यांचं बोटच टायरच्या आत जातं. साडूंनी ती तार चिमट्यानं काढली आणि खिशात ठेवली. रात्री सव्वाअकराला आम्ही घरी पोचलो. मेव्हणीनं दार उघडलं तेव्हा त्यांनी काळ्या हातानं ती तार तिच्यापुढे धरली. आता ती तारखेची चिठ्ठी लावून कापूस घातलेल्या डबीत आहे. डबी अंगठीची आहे.

तेव्हापासून मात्र हा माणूस बदलला. पूर्वी तो फक्त स्वतःची सायकल उलटी करायचा. आता कोणाच्याही दारात गेला की आधी खाली वाकतो आणि अंगठ्यानं टायर दाबून बघतो. भाच्याच्या मुंजीत मातृभोजन चालू असताना साडू कार्यालयाच्या पार्किंगमध्ये होते. एका व्याह्यांच्या गाडीत हवा कमी असल्याची बातमी त्यांनी पंगतीत येऊन दिली, आणि व्याही वरणभात सोडून उठले. सोसायटीतल्या पोरांच्या सायकली ते फुकट दुरुस्त करतात. पोरं खूश आहेत. रिमचा आऊट काढायला हल्ली खरोखर हात बसलाय त्यांचा, हे मला मान्य करावंच लागेल. मामासुद्धा म्हणाले, "साहेब सुधारलेत." शुगरही उतरली, असं मेव्हणी सांगते. सोफ्यावरचे काळे डाग मात्र उतरले नाहीत.

माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकात कालपासून हवा कमी आहे. रविवारी साडू आमच्याकडे जेवायला येणार आहेत. गाडी मी शेजारच्या सोसायटीत लावून आलोय.