नव्वद टक्के काम झालंय

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी एके काळी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यातलीच एक, ८५ सालची प्रीमियर पद्मिनी, मालकाची वाट पाहत बसली आहे. इंजिन गॅरेजवाल्याकडे, सीटा माळ्यावर, कार्बोरेटर बिस्किटांच्या डब्यात. गिऱ्हाईक आलं की मालक सांगतो, ‘नव्वद टक्के काम झालंय.’ उरलेले दहा टक्के म्हणजे इंजिन, वायरिंग, पत्रा आणि आरटीओ. भंगारवाला वजनावर भाव करतो, मालक आठवणींवर, सौदा फिसकटतो. घरचे म्हणतात, फुंकून टाका. पण घाई कशाला? कायद्यानं ५० वर्षं झाल्यावर गाडी विंटेज ठरते, अटही मूळ रूपात फार फेरफार नकोत अशी. मालकानं तर नवा स्क्रूसुद्धा बसवलेला नाही!