घाईचं कलम

वॉरंट आणायला कोर्टात जावं लागतं आणि मुद्देमाल तेवढा वेळ जागेवर थांबत नाही. म्हणून कायद्याने पोलिसांना वॉरंटशिवाय झडतीची, म्हणजे घाईची सोय केली आहे. पूर्वी तिचं कलम 165 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 185 झालं. घाई तीच. सोपस्कार मात्र निवांत: कोणती वस्तू हवी, संशय कशावरून, हे आधी केस डायरीत लिहायचं, परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच गाठायचे (रात्री दोनला प्रतिष्ठित माणूस दार उघडत नाही, ते सोडा), कपाटातल्या साड्या उपसताना मोबाइलवर चित्रीकरण करायचं, आणि नोंदीची प्रत 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे धाडायची.

यातलं काही राहिलंच तर? फारसं बिघडत नाही. झडती बेकायदा ठरली तरी तेवढ्यानेच पुरावा बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात 1973 सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे पाऊल चुकलं तरी पंचनामा शाबूत!

मॅजिस्ट्रेटकडे गेलेल्या त्या नोंदीची प्रत घरात राहणाऱ्याला अर्ज केल्यावर फुकट मिळते. अर्ज जरूर करा.