मेलेली डिस्क, जिवंत नोंद

आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत प्रत्येक उपकरणाची नोंद ओडीएम नावाच्या डेटाबेसात राहते. डिस्क काढून भंगारात दिलीत तरी नोंद जागची हलत नाही. सर्व्हर पुन्हा सुरू करून उपकरणांची यादी दाखवणारी ‘एलएसडेव्ह’ ही आज्ञा चालवा. ‘अव्हेलेबल’ऐवजी ‘डिफाइन्ड’ असा शेरा घेऊन ती यादीत हजर. रेशनकार्डावरच्या दिवंगत आजोबांसारखीच, धान्य उचलत नाही एवढाच फरक.

डिस्क काढण्याआधी नुसतं ‘आरएमडेव्ह -एल’ म्हटलंत तर शेरा तेवढा ‘डिफाइन्ड’ होतो. नाव पुसायला ‘-डी’ लागतो. प्रवेश मात्र सोपा: ‘सीएफजीएमजीआर’ ही एकच आज्ञा, आणि दिसेल त्याची नोंद. डिस्क वापरात असेल तर ‘आरएमडेव्ह’ ‘बिझी’ सांगून नकार देतो. इतका विवेक आपल्यात कुठून यायचा?

ऑडिटच्या वेळी सगळे या जुनाट डेटाबेसावर खापर फोडतात. पण तो निदान ‘वस्तू आत्ता हाती नाही’ असं कबूल तरी करतो. ऑफिसच्या एक्सेलमध्ये तीच डिस्क ‘चालू स्थितीत’ असते, तिच्या देखभालीचं बिल दरवर्षी मंजूर होतं आणि खाली साहेबांची सही असते. तेव्हा साफसफाई एक्सेलपासून सुरू करा. तिथे ‘-डी’ची सोय नाही, हिंमत लागते.