तीनशेवाले साहेब

वैजापुरात कुठेही तीनमजली इमारतीचं सेंट्रिंग चाललेलं असलं की खाली वाळूच्या ढिगाशेजारी एक माणूस मोबाइलवर बोट घासत उभा दिसतो. पिवळं हेल्मेट, त्यावर मार्करने लिहिलेला रक्तगट, उन्हात चमकणारं हिरवं जाकीट. हा इंजिनिअर नव्हे, ठेकेदार नव्हे, मालक तर नव्हेच. समृद्धी महामार्गाने जाता जाता मागे ठेवलेला हा माणूस. रस्ता तालुक्यातून पुढे सरकला, डिसेंबर २०२२मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, जांबरगावला टोलनाका बसला आणि बाहेरच्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्यांच्याकडे सेफ्टी सुपरवायझर म्हणून लागलेली इथली पोरं मात्र इथेच राहिली. नोकरी गेली, सेफ्टी काही अंगातून गेली नाही.

आमच्या साइटवरही असे एक साहेब आहेत. तसं पाहिलं तर कायद्याला ते नकोच आहेत. बांधकाम कामगारांचा १९९६चा कायदा २०२५पर्यंत सुरक्षा अधिकारी मागायचा तो ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे. आमच्या साइटवर गवंडी, बिगारी, मुकादम आणि मुकादमाचा मेहुणा धरून वीस-बावीस माणसं. साहेबांना ठेवलंय सिमेंटच्या गोण्या मोजायला. त्या ते मोजतात. पण जीव खरा दुसऱ्याच मोजणीत.

मुकादमाच्या खिशात हजेरीची वही, तर साहेबांच्या मोबाइलमध्ये एक्सेल. कोण घसरलं, कुठे, किती वाजता, कोणत्या मजल्यावर, पायात काय होतं, जेवण झालं होतं का, प्रत्येकाला वेगळा रकाना. एक रकाना 'हेल्मेट सध्या कुठे आहे' असा. कामगार मंडळाची पेटी बहुतेकांना मिळालेली; आत हेल्मेट, बूट, बेल्ट, सगळं. पेटीत आता गहू आहेत. हेल्मेटच्या रकान्यात 'कपाशीतल्या बुजगावण्यावर', 'पोरगं खेळतं', 'सासुरवाडीला' अशा नोंदी. कुणी 'उद्या स्लॅब पडणार आहे' म्हणालं की साहेब कळवळून म्हणतात, "पडणार नाही हो, टाकणार म्हणा!"

साहेबांचं दैवत अमेरिकेतलं. हर्बर्ट हाइनरिच नावाच्या विमा कंपनीतल्या माणसाने १९३१ साली पुस्तक लिहून सांगितलं की एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ इजा असतात आणि ३०० वेळा माणूस नुसता थोडक्यात वाचलेला असतो. हे प्रमाण सगळीकडे लागू पडत नाही, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. पण साहेबांपुढे ते काढायची सोय नाही. सकाळी आठच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या चार शब्दांना, ते हरिपाठासारखं 'एक, एकोणतीस, तीनशे' म्हणतात. नाव पडलं ते त्यामुळेच.

एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "थोडक्यात वाचलो अशा नोंदी आतापर्यंत २८७ झाल्या."

मिक्सरवरचा पोरगा हिशेबात पक्का. म्हणाला, "म्हणजे तेरा राहिले. मग एक जण जाणार?"

त्या दिवसापासून साइटवर कुणी घसरेनासं झालं. वीट सुटली तरी कुणी तोंड उघडीना. मुकादमाने दोन नारळ फोडले, लिंबू-मिरची मिक्सरला बांधली. महिनाभर एक्सेल कोरं. मालक खूश झाले, म्हणाले, "बघा, सेफ्टी आली!" साहेबांचं तोंड मात्र उतरलेलं. "सेफ्टी नाही आली शेठ, लोकं बोलायची थांबली," एवढंच म्हणाले.

एरवी त्यांची टिंगल खपते. "नशिबात असेल ते होतं, साहेब," असं कुणी म्हणालं की मात्र गडी गप्प होतो. ३१ जुलै २०२३च्या मध्यरात्री याच समृद्धीवर, शहापूर तालुक्यात सरळांब्याजवळ, पुलाचं काम चालू असताना गर्डर लाँचर कोसळला. २० माणसं गेली. त्या रात्रीबद्दल साहेब काही बोलत नाहीत, फक्त पुढच्या माणसाच्या बेल्टचा हूक ओढून बघतात.

मग बंद पडलेल्या नोंदी पुन्हा याव्यात म्हणून त्यांनी खिशातून खर्च करून योजना काढली: जो नोंद सांगेल त्याला कटिंग चहा. आठवड्यात एक्सेल ओसंडलं. 'कुत्रं आडवं गेलं'. 'मेहुण्याने डोळे वटारले'. 'चहा सांडता सांडता वाचला'. एका मावशींनी तर दिवसातून चार नोंदी दिल्या, चौथीला बिस्किट मागितलं. टपरीवाल्याची उधारी पगाराशी स्पर्धा करू लागली. मीही तेव्हा हसलो होतो.

पण साहेबांनी त्या कचऱ्यातून कुत्री आणि मेहुणे वेगळे काढले, उरलेलं वेळेप्रमाणे लावलं. 'पाय अडखळला', 'घमेलं निसटलं', 'चप्पल खाली गेली' या नोंदी बहुतेक दुसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्टच्या डक्टजवळच्या, आणि दुपारी दोन ते तीनमधल्या. सकाळी त्याच जागी काहीच नाही. साहेब दुसऱ्या दिवशी जेवण सोडून तिथे दबा धरून बसले. दीड वाजता डक्टवर झाकलेला प्लाय कुणीतरी अलगद उचलला, सावलीत नेला, त्यावर गमछा अंथरला आणि आडवं झालं. बायका कामाला लागायच्या दोनला. झाकण जागेवर यायचं तीनला, झोप झाल्यावर. तोवर घमेली घेऊन सगळ्या त्या उघड्या भोकाच्या कडेने जायच्या, कारण जिन्याकडून तो जवळचा रस्ता.

झोपणारे होते मुकादम. नारळ फोडणारे तेच.

डक्टवर आता सळईची जाळी वेल्ड करून बसवली आहे. मुकादम हल्ली सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर झोपतात. जाळीचं बिल मात्र मालकाकडे अजून अडकलंय. साहेबांनी ते एक्सेलमध्ये पाठवलं, आणि मालकांना सही-शिक्क्याचा कागद लागतो.