बसता येईना, लोखंड वाकडं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अख्खी दुपार फिरलात तरी कटर मशीनला स्टँड क्वचितच दिसेल. चौदा इंची चाकाचं, सोळा-सतरा किलोचं हे धूड तिथे जमिनीवर असतं आणि चालवणारा त्याच्यापुढे उकिडवा. पाइपाच्या लांबच्या टोकाखाली तो एक वीट सारतो, पाइप पायाने दाबतो आणि हँडल खाली ओढतो. उसाच्या ट्रॉल्या, शाळांची गेटं, बाल्कन्यांच्या ग्रिल्स, सगळं याच आसनात तयार होतं. स्टँड लागतो तो माझ्यासारख्याला. साठीत ज्याचे गुडघे गेले आणि हौस आली.

बरं, नुसता स्टँड चालणार नव्हता, घडीचा हवा होता. ही अट गृहखात्याची. आमच्या पोर्चवर सकाळी स्कूटरचा हक्क, उन्हाळ्यात दुपारी सांडगे-पापडांचा, संध्याकाळी शेजारच्या वहिनींचा. ‘काम झालं की ते भिंतीला टेकलं पाहिजे,’ असा ठराव झाला. त्याला लगेच उपसूचना आली, ‘आणि वर टॉवेल वाळत घालता आला तर बरंच.’

घडीच्या स्टँडचं गणित कागदावर सोपं असतं. दोन पायांची कैची करायची आणि मधोमध बोल्ट घालायचा. पाय सारख्या लांबीचे आणि बोल्ट बरोब्बर मध्यावर असला की वरची चौकट जमिनीला समांतर राहते. कैची फाकून सगळं खाली बसू नये म्हणून तळाशी साखळी. खरी गोम नटाची. साधा नट घट्ट आवळला तर पाय मिटत नाहीत. सैल ठेवला तर मशीनच्या थरथरीने तो आपोआप फिरत फिरत चालता होतो. म्हणून नायलॉक नट घ्यायचा. त्याच्या आत नायलॉनचं कडं असतं, त्यामुळे कितीही सैल सोडा, तो जागा सोडत नाही. हा गुण मी आजवर चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांत पाहिला होता, लोखंडात पहिल्यांदाच पाहिला.

पाइप घ्यायला ओळखीचा फॅब्रिकेटर बरोबर आला. दुकानदार म्हणाला, ‘जीआय न्या, गंजत नाही.’ फॅब्रिकेटरने मला बाजूला घेतलं. ‘सर, जीआयला वेल्डिंग मारलं की जस्त जळतंय. त्यो पांढरा धूर छातीत गेला की रातच्याला हुडहुडी भरून ताप येतोय बघा. काळाच घ्या, वरनं रेड ऑक्साइड मारू.’ मग काळा पाइप घेतला. एक इंची चौकोनी, सोळा गेज, वीस फुटांची लांबी सात किलोच्या घरात. वीस फूट रिक्षात मावत नाही, म्हणून दुकानातच त्याचे दोन तुकडे झाले. रिक्षावाल्याने ‘बांधकाम काढलंय?’ असं विचारलं, मी नुसती मान हलवली.

घरी आल्यावर विजेचा प्रश्न उभा राहिला. या मशीनला दोन हजार वॉटच्या वर लागतं, साध्या पॉइंटचं ते काम नाही. आमच्या घरात सोळा अँपिअरचा पॉइंट एकच, गिझरचा. जाड केबल बाथरूममधून निघाली, हॉल ओलांडून पोर्चमध्ये आली आणि फर्मान सुटलं की ज्यांना गरम पाण्याने आंघोळ हवी त्यांनी आठच्या आत उरकावी. चिरंजीवांनी त्या दिवसापासून जिम लावली. तिथे गिझर आहे.

मग खरा पेच आला. स्टँडचे पाय कापायला मशीन हवं, मशीन ठेवायला स्टँड हवा. स्टँडशिवाय कापायचं तर उकिडवं बसायला हवं, आणि तसं बसता येत असतं तर स्टँड हवाच कशाला होता? फॅब्रिकेटरने हा पेच ऐकून घेतला, पँट गुडघ्यांपर्यंत वर सारली आणि खाली बसला.

या मशीनच्या चाकाला दात नसतात. राळेने बांधलेली खर आणि आत काचेच्या धाग्यांची जाळी, बस. पण ते मिनिटाला 3,800 फेरे घेतं, म्हणजे त्याची कड ताशी अडीचशे किलोमीटरने धावते. पाइपाला टेकलं की किंकाळी फुटते आणि मागच्या बाजूला ठिणग्यांचा पट्टा सुटतो. मागच्या बाजूला शेजाऱ्यांची नवी गाडी होती. ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण. तो काचेत रुतून बसतो आणि पुढे गंजून तांबडा ठिपका होतो. शेजाऱ्यांनी काही न बोलता गाडी पुढच्या गल्लीत नेली. माझ्या कलेला गल्लीतून मिळालेली ती पहिली दाद. तेवढ्यात सगळे तुकडे कापून झाले होते, चहाला उकळीही आली नव्हती. ‘बसून झालंच की वो सर,’ फॅब्रिकेटर म्हणाला, ‘स्टँड कशाला?’

वेल्डिंगचा टाका गरम असताना गरीब असतो. थंड होताना आकसतो आणि पाइपाला आपल्या बाजूला खेचतो. म्हणून आधी चारी कोपऱ्यांना नुसते टॅक मारायचे, मग दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. सारखे भरले तर चौकट काटकोनात, नाहीतर हातोडा. या टप्प्यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले समोरचे अण्णा आले. ‘अहो, तीन पायांचा करा. तीन पाय कधी डुगडुगत नाहीत.’ भूमितीने अण्णा बरोबर आहेत. मात्र तीन पायांवर सतरा किलो ठेवून कडेला जोर पडला, तर ते डुगडुगत नाही, सरळ आडवं होतं. अण्णांना हे सांगितलं. ‘मग पाया घाला,’ म्हणाले.

शेवटी स्टँड उभा राहिला. मशीन अडीच फूट वर गेलं, पण पाइपाचं दुसरं टोक? खाली होतं तोवर एक वीट पुरत होती, आता विटांची भिंत लागणार. म्हणजे टोकाला आणखी एक स्टँड आला. पाइप कधी डावीकडे लांब असतो, कधी उजवीकडे, म्हणून दोन. तेही घडीचे, ठरावाप्रमाणे. त्यांचे पाइप मी उभ्याने कापले. तूर्त त्या मशीनवर झालेलं भरीव काम तेवढंच. मोठ्या स्टँडवर टॉवेल उत्तम वाळतो.

तेव्हा घरी घडीचा स्टँड करू नका, असं मी म्हणणार नाही. जरूर करा. काळा पाइप घ्या, नायलॉक नट घ्या, डोळ्यांना चष्मा लावा, ठिणग्यांच्या वाटेत कुणाची गाडी नाही ना ते बघा आणि पाइप कापून द्यायला खाली बसू शकणारा एक माणूस आधी गाठून ठेवा. एवढं जमणार नसेल तर गुडघ्यांचे व्यायाम सुरू करा. ते स्वस्त पडतात.