पक्षीसर

खुलताबादच्या इंग्रजीच्या सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली; त्यांचं इंग्रजी मात्र अजून सेवेत आहे. तेही सगळं नाही. ज्या शब्दात पक्षी सापडतो तेवढंच.

शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी. अशाच एका शनिवारी म्हैसमाळच्या रस्त्यावर एक जीप नालीत गेली. ड्रायव्हर ओरडला, "क्रेन बोलवा!" सर चहा ठेवून पुढे झाले. "क्रेन म्हणजे क्रौंच पक्षी. ती लांब मान बघा! ग्रीक लोकसुद्धा या यंत्राला क्रौंचच म्हणायचे." ड्रायव्हरने हात जोडले. "सर, कोणताबी पक्षी आणा, पण जीप वर काढा."

त्यांच्याकडे पेन मागायची सोय नाही. पेन हातात पडण्याआधी लॅटिन 'पेन्ना', म्हणजे पीस, ऐकावं लागतं. एका पोराने शहाणपणा केला, "मग पेन्सिलपण पिसाचीच ना सर?" सर कडाडले, "पेन्सिलीचं मूळ शेपूट आहे! विषयांतर नको." टीव्हीवर चकमकीची बातमी लागली की स्नायपर निघतो. 1770 च्या दशकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी स्नाइप, म्हणजे आपला पाणलावा, मारायला जायचे. पठ्ठ्या असा वेडावाकडा उडतो की नेम धरावा तर उस्तादानेच. तिथून स्नायपर आला. कॅनरीचं नाव मात्र त्यांच्यापुढे कोणी काढत नाही. पक्ष्याला नाव बेटांवरून मिळालं आणि बेटांना कुत्र्यांवरून, हे दुःख सरांना अजून पचलेलं नाही.

पुतणीला पाहायला वैजापूरचे पाहुणे यायचे होते, तेव्हा काकूंनी सकाळीच दम दिला, "आज एकही पाखरू उडवायचं नाही." सर निमूट पोहे खात बसले. तेवढ्यात मुलाचे मामा म्हणाले, "आमच्या मुलाची पेडिग्री पाहा..."

सरांना ठसका लागला. "पेडिग्री म्हणजे क्रौंचाचा पाय!" त्यांनी बायोडेटाच्या पाठीवर तीन रेघा ओढल्या. "जुन्या फ्रेंच वंशावळीत पिढ्या जोडायला ही खूण असायची."

बैठक चिडीचूप. काकू दारात थिजल्या. मामांनी खुर्ची सरांजवळ ओढली. "आणि जिरेनियम? तोही क्रौंचच. त्याच्या फळाला चोच असते." मामाही इंग्रजीचेच निवृत्त सर निघाले.

त्यानंतर त्या दोघांनी कुणाला विचारलं नाही, कुणी त्यांना विचारलं नाही. मुलगा-मुलगी गच्चीवर निवांत बोलली, आणि देण्याघेण्याचं बायकांनी मधल्या घरात मिटवून टाकलं. सुपारी फुटली तेव्हा दोघं लग्नपत्रिकेवर भांडत होते. सरांना 'ऑस्पिशस' शब्द हवाच होता. मामा म्हणाले, "रोमन पुरोहित पक्ष्यांचं उड्डाण बघून शुभ-अशुभ ठरवायचे, तिथला हा शब्द. आधी पक्षी कोणत्या बाजूने उडाला ते दाखवा, मग छापा."

दोघं उठून अंगणात गेले. काकूंनी तेवढ्यात पत्रिकेचा मजकूर मराठीत लिहून घेतला.