घरशाळेच्या बाई

घरी शाळा चालवणारी पुण्यातली ख्रिस्ती आई मुख्यतः वडगाव शेरी, खराडी, वानवडी या भागांतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आढळते. वय तिशीच्या थोडे पुढे, नोकरी नुकतीच सोडलेली, लेकरू साडेपाच-सहा वर्षांचे. नवरा आयटीत असतो आणि या प्रयोगाला त्याचा पूर्ण पाठिंबा असतो. हा पाठिंबा तो सकाळी नऊला घराबाहेर पडताना देतो आणि रात्री आठला परत आल्यावर पुन्हा एकदा देतो.

तिचे वेगळेपण कळायला पुण्यातला प्रवेशाचा हंगाम पाहिलेला असावा लागतो. त्या दिवसांत निम्मे शहर कॉन्व्हेंटच्या फॉर्मसाठी वशिले शोधत फिरते. ज्या कागदामुळे त्या रांगेत दोन पावले पुढे सरकता येते तो बाप्तिस्म्याचा दाखला हिच्या कपाटात, गॅसच्या पुस्तकाखाली, निवांत पडलेला असतो. त्यामुळे ‘अगं, कॉन्व्हेंट तर तुमचंच ना?’ हा सोसायटीतल्या काकूंचा पहिला प्रश्न असतो. कॉन्व्हेंट कॅथलिक सिस्टरांचे आणि आपली मंडळी प्रॉटेस्टंट, हे काकूंना समजावून सांगण्यात पहिला जून संपतो. दुसरा प्रश्न बराच हळू आवाजात येतो : ‘अॅडमिशन नाही का मिळाली?’

निर्णयाची कारणे ऐकणाऱ्यानुसार बदलतात. मंडळीत विचारले तर प्रभूने मनावर ओझे घातले, असे उत्तर मिळते. माहेरी विचारले तर फी सांगितली जाते. मैत्रिणींना शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेचे (१८४२–१९२३) नाव ऐकवले जाते. मुलांना उत्तम पुस्तके द्या, रानात फिरवा आणि वाचलेले त्यांच्याच तोंडून पुन्हा ऐका, असे या मेसनबाईंचे म्हणणे होते. खरे कारण बहुधा एवढेच असते की बालवाडीतून लेकरू सलग तीन दिवस रडत आले होते. ही सगळी कारणे खरी असतात, पण त्या क्रमाने नसतात.

विरोधाचे केंद्र घरातच असते आणि ते निवृत्त मुख्याध्यापिका असते. सासूबाई नगरच्या. मराठी ख्रिस्ती घरांत तीन-तीन पिढ्या शिक्षक आणि नर्स निघणे यात नवल काही नाही; या समाजाची घडणच मुळी मिशनच्या शाळांत झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांची नगरमधली मुलींची शाळा पाहून आलेल्या जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. ज्यांच्या पूर्वजांनी पोरींना दारोदार हिंडून शाळेत आणले, त्यांच्या घरची सून चांगल्या धडधाकट नातवाला शाळेतून काढून घरी बसवते, हे सासूबाईंच्या पचनी पडत नाही. त्या तोंडाने काही बोलत नाहीत. कुटुंबप्रार्थनेत मात्र ‘आमच्या लेकराला सुबुद्धी दे’ असे म्हणतात, आणि हे लेकरू म्हणजे नातू की सून, ते प्रभूवर सोपवतात.

सुनेकडे उत्तर तयार असते : पंडिता रमाबाई. रमाबाई (१८५८–१९२२) लहानपणी कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, संस्कृत शिकवले, आणि त्या बळावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ठरवले. दाखला बिनतोड आहे, फक्त त्यात दोन अडचणी आहेत. रमाबाई ख्रिस्ती झाल्या १८८३ मध्ये, म्हणजे ख्रिस्ती घरशाळेचा हा सर्वात भक्कम पुरावा एका ब्राह्मण आईने दिलेल्या संस्कृतच्या शिकवणीचा आहे. आणि घरी शिकलेल्या रमाबाईंनी पुढे केले काय, तर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभारले. शाळाच. निवृत्त मुख्याध्यापिकेला या दोन्ही अडचणी लगेच सापडतात.

वर्षाचा आरंभ १५ जूनच्या सुमारास होतो आणि पहिल्याच दिवशी सिद्धान्ताला धक्का बसतो. बाहेर पाऊस असतो, खाली स्कूल बसपाशी रंगीबेरंगी रेनकोटांची गर्दी असते आणि गॅलरीतून ते पाहणारे लेकरू भोकाड पसरते. त्याला शाळा नको असते. रेनकोट हवा असतो. संध्याकाळी रेनकोट येतो, पाठोपाठ दप्तर येते. दुसऱ्या दिवसापासून लेकरू रेनकोट घालून, दप्तर पाठीला लावून लिफ्टने खाली जाते, इमारतीला एक फेरी मारते, वॉचमनकाकांना ‘शाळेत चाललो’ म्हणून सांगते आणि लिफ्टने वर येऊन स्वतःच्याच घराची बेल वाजवते. दार उघडले की शाळा भरली. शाळेच्या भिंती मोडायला निघालेल्या संस्थेत आता गणवेश, दप्तर आणि घंटा या तिन्हींची सोय झालेली असते.

अभ्यासक्रम बहुधा अमेरिकेहून येतो, कारण ख्रिस्ती घरशाळेची तयार पुस्तके तिकडे विपुल निघतात. कागद गुळगुळीत, चित्रे सुंदर, पानापानावर बर्फ. हिवाळ्याच्या धड्यात लाल गळपट्टा बांधलेला मुलगा बर्फाचा माणूस करत असतो, आणि लेकरू खिडकीतून खराडीचा हिवाळा न्याहाळत असते. गणितात नाणी येतात. ‘क्वार्टर म्हणजे काय?’ या प्रश्नाला लेकरू ठणकावून सांगते, ‘क्वार्टरच्या पुढे गेट असतं.’ नाना पेठेच्या चर्चला जाताना बस ‘क्वार्टर गेट’लाच थांबते, तेव्हा उत्तर अगदीच टाकाऊ नसते. मधल्या खोलीतून आजोबा ओरडतात, ‘क्वार्टर म्हणजे पावली!’ त्यांचेही बरोबर असते, पण ३० जून २०११ पासून पावलीच चलनातून गेलेली असल्यामुळे ती दाखवता येत नाही. क्वार्टरचा एक तिसरा अर्थ दुपारी गवंडीकामावरच्या माणसांकडून कळतो आणि तो धडा तिथेच थांबवला जातो.

मग अप्पा बळवंत चौकातून बालभारतीची पुस्तके आणली जातात. गणितात पुन्हा ठिणगी पडते. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. तो वाद बाहेर विरला तरी या घरात मिटत नाही. आई ‘वीस एक’ म्हणते, आजी ‘एकवीस’ म्हणते आणि आजोबा दोघींकडे दुर्लक्ष करून पावकी-निमकी सुरू करतात. लेकरू तिन्ही शिकते आणि कोणापुढे काय म्हणायचे तेही शिकते. हे शेवटचे कौशल्य कुठल्याही अभ्यासक्रमात नसते; ते मात्र पक्के होते.

शिस्तीसाठी आई एक नियम करते : साडेनऊ ते बारा तिला ‘बाई’ म्हणायचे. लेकरू नियम मनापासून पाळते. पहिल्या आठवड्यात गुडघा फुटल्यावर ते रडत येऊन विचारते, ‘बाई, आई कधी येणार?’ त्या दिवशी शाळा पावणेदहाला सुटते.

कायद्याची चिंता साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते, तीही एखाद्या काकांमुळे. शिक्षण हक्क कायदा (२००९) सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणे हे त्याचे कलम १० पालकांचे कर्तव्य ठरवते, पण न घातल्यास पालकाला शिक्षा काय, ते सांगत नाही. घरशाळेचे नावही घेत नाही. या मोकळ्या जागेत ही आई तंबू ठोकून राहते. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, दहावीला सतरा नंबरचा फॉर्म आहे, हे तिला तोंडपाठ असते. दहावीच्या प्रमाणपत्राशिवाय २०१६ मध्ये थेट अमेरिकेच्या एमआयटीत गेलेल्या मुंबईच्या मुलीची गोष्ट तर ती भाजीवाल्यालाही सांगते. लेकराला अजून ‘ळ’ लिहिता येत नसतो.

वेळापत्रक लॅमिनेट केलेले असते, म्हणून ते वर्षभर भिंतीवर टिकते. प्रत्यक्षात गणपतीच्या सुमारास निसर्गनिरीक्षण सोडून बाकी तास गळतात, कारण वेताळ टेकडीवर लेकरू दमते आणि दुपारी झोपते. दुपारी झोपलेले लेकरू या शिक्षणपद्धतीचे सर्वात मोठे यश मानले जाते.

‘मुलांत मिसळायला कसं शिकणार?’ या सार्वत्रिक प्रश्नाला तिचे उत्तर असते रविवारची शाळा. तिथे तीस मुले असतात. लेकरू तिथे उत्तम मिसळते. इतके की पवित्र शास्त्रातली गोष्ट चालू असताना उठून शिक्षिकेला सांगते, ‘बाई, आता पोहे करा.’ मधल्या सुट्टीत पोहे करणे हे बाईंचे काम, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. नाताळच्या नाटकात त्याला मेंढपाळ करतात, कारण मेंढपाळाला रांगेत उभे राहावे लागत नाही.

जानेवारीत एक शांत घटना घडते. आई तापाने झोपलेली असते आणि सासूबाई, कोणी सांगितलेले नसताना, खडू घेऊन फरशीवर बसतात. तीन दिवसांत ‘ळ’ येतो. त्यावर दोघींपैकी कोणीही काही बोलत नाही. फेब्रुवारीपासून लेखनाचा तास आजीकडे जातो, आणि कुटुंबप्रार्थनेतले सुबुद्धीचे वाक्य गळते.

मार्चअखेर प्रगतिपुस्तक भरले जाते. ते आईच लिहिते, आईच तपासते आणि पालकाची सही म्हणून खाली आईच सही करते. शेरा असतो : ‘प्रगती चांगली. बोलणे कमी करावे.’ मुख्याध्यापकांच्या सहीची जागा मोकळी राहते. ती सासूबाई मागून घेऊन, चष्मा पुसून, भरतात.

जूनमध्ये रेनकोट एक नंबर मोठा घेतात.